कोरड्या कपड्यांतले पाणी

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले की उद्यमबाग मागे पडल्यावर पिरनवाडी येते. या भागात नवे घर बांधताना नकाशात आता बऱ्याचदा एक लहानशी खोली मागितली जाते: झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्या मधली, पाच बाय सहा फुटांची ड्रेसिंग रूम. सुतार येतो, टेप लावतो, आणि बोलणे सुरू होते ते इंचांचे. हँगरसाठी दोन फूट खोली, घड्यांसाठी सोळा इंच, वर लॉफ्ट, खाली ड्रॉवर. सगळी भिंत जमिनीपासून स्लॅबपर्यंत प्लायने मढवली की जागा सार्थकी लागली असे वाटते. पण हे गाव सह्याद्रीच्या माथ्याजवळ, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. पश्चिमेला आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, बेळगावात साधारण तेराशे, आणि पूर्वेला गोकाककडे जाताना तो झपाट्याने उतरतो. पिरनवाडी या उताराच्या ओल्या बाजूला आहे. इथल्या कपाटाचा पहिला हिशेब पाण्याचा करायला हवा, जागेचा त्यानंतर. तो हिशेब मांडला की सगळे कपडे एकाच मोठ्या कपाटात कोंबण्याची पद्धत मुळातच चुकीची ठरते, असे माझे म्हणणे आहे.

कपाटातले पाणी बहुतेकांना हवेत आहे असे वाटते, म्हणून सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून माणूस निर्धास्त होतो. आकडे वेगळेच सांगतात. जुलैतल्या २४ अंश सेल्सिअसच्या आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे साडेअठरा ग्रॅम वाफ असते. दीड घनमीटरच्या कपाटातल्या सगळ्या हवेत मिळून २८ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचेही भरत नाहीत. आता कपड्यांकडे पाहा. वस्त्रोद्योगात सुताची खरेदी-विक्री करताना धाग्यातले पाणी गृहीतच धरतात: ६५ टक्के आर्द्रतेला सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो, रेशीम ११ टक्के, लोकर १६ टक्के, आणि पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. वीस किलो सुती कपड्यांत, हाताला अगदी कोरडे लागत असताना, पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी असते. आर्द्रता वाढली की तेही वाढते. तेव्हा कपाटातले खरे पाणी कपड्यांच्या धाग्यात आहे. हवेतले २८ ग्रॅम शोषून घेतले तरी कपडे लगेच स्वतःतले थोडे बाहेर सोडून तेवढी भरपाई करतात. पुड्या बिचाऱ्या एका रात्रीत भरून जातात.

बुरशीला वाहते पाणी लागत नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की तिला पुरते. हा उंबरठा ओलांडला गेला का, हे ओळखायची एक सोय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मिठाचा एक गुणधर्म असा की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतली वाफ ओढून पाझरू लागते. बरणीतले मीठ ज्या दिवशी ओलसर झाले, त्या दिवशी कपाटातल्या बुरशीचीही सोय झाली असे समजावे. दोनचारशे रुपयांना मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक खरा बोलतो का, हेही मिठानेच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाकायचे, ते झाकण आणि मापक घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी आकडा ७५ च्या आसपास दिसायला हवा. दहा दिसला किंवा नव्वद दिसला तर मापक बदलावा. अशा ओलीत सगळ्यात आधी बळी पडतात ते खळ घातलेले कपडे, कारण खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट हे बुरशीचेही खाद्य आणि कसरीचेही. इस्त्री करून, कडक खळ देऊन पावसाळ्यात बंद केलेली सुती साडी ही या दोघांसाठी वाढलेले ताटच असते.

ओल येते कुठून? नैऋत्येकडून झोडपणारा पाऊस बाहेरची भिंत भिजवतो. भारतीय मानकानुसार साध्या विटेने वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. तीन किलोच्या विटेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मावू शकते. अशी भिंत सुकताना थंड राहते. खोलीतली २४ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा कपाटाच्या मागच्या फटीत शिरून २२ अंशांच्या भिंतीला लागली की तीच वाफ असूनही आर्द्रता ९५ टक्क्यांवर जाते. कपाटाच्या पाठीमागे काळे ठिपके उमटतात ते याच दोन अंशांमुळे. दुसरा पुरवठा न्हाणीघराचा. गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ दार उघडताच ड्रेसिंग रूममध्ये येते, आणि तिथे खिडकी बहुधा नसतेच. अर्धवट वाळलेले कपडे ‘फॅनखाली सुकतील’ म्हणून त्याच खोलीत लटकतात, तो तिसरा पुरवठा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रोजचे कपडे आणि ठेवणीतले कपडे यांना लागणारे हवामान परस्परांच्या उलट आहे. रोजचे कपडे अंगावरून घामाची ओल घेऊन परत येतात, त्यांना ती सोडायला वारा हवा. ठेवणीतली पैठणी, शहापूर-वडगावच्या मागावरची रेशमी साडी, लग्नातला शेला यांना वारा म्हणजे चार महिने नव्वद टक्क्यांची हवा. त्यांना हवा बंद हवी, पण आत जाताना कपडे कोरडे असायला हवेत. घड्या घातलेले दहा किलो रेशीम मार्चच्या दुपारी, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास असताना, दीडशे लिटरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले असे धरू. ते बुरशीच्या उंबरठ्यापर्यंत यायला ढोबळमानाने आणखी अर्धा किलो पाणी आत शिरावे लागेल. झाकण बरे बसत असेल आणि ट्रंकेतली सगळी हवा दिवसाला एकदा बदलते असे मानले, तरी प्रत्येक बदलात फार तर दीड ग्रॅम वाफ आत येते. अर्ध्या किलोला तीनशेहून जास्त दिवस लागतात, आणि पावसाळा संपतो एकशेवीस दिवसांत. साडीच साडीला राखते. ट्रंक फक्त वेळ काढते. जुन्या घरांत कपडे वाळायची दांडी वेगळी आणि ट्रंक वेगळी होती, त्या मांडणीत भौतिकशास्त्र बिनचूक होते.

पाच बाय सहाच्या खोलीत हे बसते कसे? कपाट आतल्या भिंतीला लावावे. पश्चिमेची बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत मोकळी सोडून त्यांवर आरसा आणि खुंट्या एवढेच द्यावे. कपाटाच्या मागे तीन इंचांची फट, खाली सहा इंचांचे पाय, दारांना फळीऐवजी आडव्या पट्ट्यांची झडप, वरच्या कडेला मोकळी जागा. म्हणजे खालून आत आलेली हवा वरून निघून जाते. हँगरची दांडी साडेसहा फुटांवर घेतली तर सदरा साधारण तीन फुटांवर संपतो. त्याखालच्या रिकाम्या पोटात दोन ट्रंका ओळीने बसतात. दोन फूट कपाट, तीन इंच फट वजा जाता चालायला पावणेतीन फूट उरतात. न्हाणीघराला एक्झॉस्ट पंखा हवाच, आणि आंघोळीनंतरही काही वेळ तो चालू राहायला हवा. ट्रंकेत पत्र्याचा गंज कापडाला लागू नये म्हणून मांजरपाटाचे आवरण घालावे, पण तो मांजरपाट आधी धुऊन त्याची खळ काढलेली असावी. जरीच्या साड्यांबरोबर रबरबँड किंवा लोकर ठेवू नये, कारण त्यांतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो.

यावर पहिला आक्षेप धुळीचा. झडपेतून हमरस्त्याची धूळ येईल, हे खरे आहे. पण झडपेमागे असतात ते आठवड्याला धुतले जाणारे कपडे, आणि धूळ झटकता येते. बुरशीचा डाग रेशमावरून जात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाहेरच नव्वद टक्के आर्द्रता असताना वारा काय वाळवणार? बाहेर २२ अंशांची, ९५ टक्क्यांची हवा असेल आणि माणसे, दिवे, स्वयंपाक यांनी घर २६ अंशांवर असेल, तर तीच हवा आत येऊन सुमारे ७५ टक्क्यांची होते. फार कोरडी नव्हे, पण कोंडलेल्या ड्रेसिंग रूमपेक्षा नक्की बरी, आणि हलत्या हवेत घामाचा कपडा वाळतो. घर थंडच असेल तर हा फायदा मिळत नाही, हे मान्य करायला हवे. झडीच्या दिवसांत खिडकी बंद ठेवून खोलीतच पंखा फिरवलेला बरा. तिसरे म्हणणे, आता डिह्युमिडिफायर मिळतात. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा, पण खोलीचे दार लागत असेल आणि वीज टिकत असेल तरच तो कामाचा. उघड्या दाराच्या खोलीत तो सगळ्या घराची हवा कोरडी करायला निघतो. चौथे, आजीच्या ट्रंकेतही बुरशी लागायचीच. लागायची, कारण साडी सणाहून येऊन ओलसर अंगानेच आत जायची, आणि बंद ट्रंक ओलही तितक्याच इमानाने राखते. डांबरगोळ्या किड्यांना पळवतात, ओलीला नाही. शिवाय ‘जीसिक्सपीडी’ या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला त्यांच्या वासाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. बाळाची दुपटी त्यांच्याबरोबर कधीही ठेवू नयेत.

राहिला कपडे ट्रंकेत घालायचा मुहूर्त. मे महिन्याची वाट पाहण्याची आपली सवय इथे अपुरी पडते, कारण तोवर समुद्राकडून दमट वारे येऊ लागतात आणि वळीवही गाठतो. होळी ते पाडवा हे दिवस उत्तम. रेशीम उन्हात टाकू नये, अतिनील किरणांनी ते पिवळे आणि ठिसूळ होते. सावलीत, वाऱ्यावर, सकाळी उशिरापासून पसरावे, जुन्या घड्या मोडून नव्या जागी घालाव्यात आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास, हवा सर्वांत कोरडी असताना, ट्रंक बंद करावी. पिरनवाडीत, मच्छेत, खानापुरात ज्यांच्या घरी यंदा सुतारकाम निघाले आहे त्यांनी प्लाय मापायच्या आधी दोन गोष्टी सुताराला नक्की सांगाव्यात: मागे तीन इंच सोड, आणि खाली ट्रंकेला जागा ठेव.