थांबलेलं पॅरिस

आल्बेर आयफेल टॉवरचा रात्रीचा पहारेकरी. राहतो टॉवरच्या माथ्यावरच. सकाळी उठून खाली पाहतो, तर शहरात हालचाल म्हणून नाही. उतरून येतो, तर रस्ते ओस. मग एकेक माणूस सापडू लागतो. सीन नदीत जीव द्यायला निघालेला एक जण काठावरच थिजलाय. पाकीटमार आणि त्याला पकडायला धावलेला पोलीस, दोघंही जागच्या जागी खिळलेत. घड्याळांत ३ वाजून २५ मिनिटं.

रने क्लेरचा हा पहिला चित्रपट, ‘पारी की दॉर’, म्हणजे ‘झोपलेलं पॅरिस’. पत्रकारिता आणि थोडा अभिनय करून झालेल्या क्लेरने तो १९२३ मध्ये चित्रित केला, तेव्हा त्याला पंचविशीही लागली नव्हती. त्याच सुमाराला दिग्दर्शक मार्सेल लेर्बिएने ‘लिन्युमेन’ या चित्रपटासाठी चित्रकार फेर्नां लेजेकडून झगमगती प्रयोगशाळा उभारून घेतली. क्लेरला खरं रिकामं शहर पुरलं, आणि मला ते त्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जास्त अद्भुत वाटतं.

शहर थिजण्याचं कारण कळतं ते उशिरा. एका शास्त्रज्ञाने यंत्रातून अदृश्य किरण सोडून शहर गोठवलंय. टॉवरचा माथा किरणाच्या पल्ल्याबाहेर, म्हणून आल्बेर वाचला. मार्सेहून विमानाने आलेली मंडळीही तशीच वाचली. आता अख्खं पॅरिस त्यांचंच. हवं ते उचलावं, हवं ते खावं-प्यावं. पण पैसा घेणारं कुणी नसेल तर त्याला किंमत कुठली? चैनीचा लवकरच वीट येतो आणि बरोबरच्या एकुलत्या एका बाईवरून पुरुषांची जुंपते. हा भाग कथेचा कणा आहे.

खरी कमाल मात्र त्या यंत्राच्या दांड्याची. तो ओढला की शहर थांबतं, पुन्हा ओढला की चालू लागतं. आणि त्यावरून झटापट झाली की गाड्या-माणसं भन्नाट वेगाने पळू लागतात. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. हात सावकाश फिरला की पडद्यावर धावपळ, भराभर फिरला की संथपणा. एकच चौकट पुन्हापुन्हा छापली की सगळं स्तब्ध. क्लेरने शास्त्रज्ञाच्या हाती दिलंय ते सिनेमाचंच यंत्र. वेळ अडवणं, सोडणं, पळवणं ही ताकद सिनेमाकडे आहे, हे त्याने पहिल्याच चित्रपटात ओळखलं आणि तिचीच गोष्ट केली.