घरचे नियम, वीस बाजूंचा फासा आणि प्रयोगाची आखणी



एक साधा प्रश्न. तुमच्या घरी ल्युडो खेळताना सोंगटी बाहेर काढायला सहाच लागायचा, की एक आला तरी चालायचं? बऱ्याच घरांत एक चालतो. हा नियम कुणीतरी कधीतरी केला, कारण बारकं पोरगं सहाची वाट बघून कंटाळायचं. आता गणित बघा. फक्त सहा चालत असेल तर सोंगटी बाहेर पडायला सरासरी ६ वेळा फासा टाकावा लागतो आणि दहा वेळा टाकूनही सहा न येण्याची शक्यता १६% असते. एकही चालत असेल तर सरासरी ३ वर येते आणि दहा वेळा टाकून अडकून राहण्याची शक्यता २ टक्क्यांच्याही खाली जाते. एवढासा बदल, पण रडारड जवळजवळ संपली.

याला म्हणतात 'हाऊस रूल', म्हणजे घरचा नियम. आज आपण तो एका मोठ्या खेळात बघू: डन्जन्स अँड ड्रॅगन्स. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हे का वाचायचं? कारण चालू व्यवस्थेतली एक गोष्ट बदलायची आणि नेमकं काय झालं ते ओळखायचं, हे काम गेम मास्टर दर आठवड्याला करतो. पीएचडीत तुम्हाला तेच करायचंय.

खेळ थोडक्यात

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र: कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण गेम मास्टर. तो प्रसंग सांगतो, खेळाडू "मी हे करतो" म्हणतात आणि निकाल अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि ठरलेल्या आकड्याशी तुलना करायची. बास, गाभा एवढाच.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची मुळं युद्धखेळांत आहेत. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून 'क्रीगस्पील' नावाचा सराव-खेळ होता. त्यात एक पंच तक्ते आणि फासे वापरून निकाल द्यायचा. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचालाच ठरवू द्या. म्हणजे नियम मोठा की पंचाची समज मोठी, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. १९७४ च्या तीन छोट्या पुस्तिकांमध्ये बऱ्याच जागा मोकळ्याच होत्या, त्यामुळे प्रत्येक टेबलाने त्या आपापल्या परीने भरल्या. घरचे नियम या खेळात जन्मापासूनच आहेत.

एक आला की तलवार पडली

सगळ्यात लोकप्रिय घरचा नियम घ्या: वार करताना फाशावर १ आला तर फजिती. तलवार हातातून पडते, नाहीतर वार मित्रालाच लागतो. मूळ नियमात १ म्हणजे फक्त वार चुकला. 'फजिती' घातली की टेबलावर हशा पिकतो, आणि २० पैकी १, म्हणजे ५% शक्यता तर मामुली वाटते.

पण ही ५% आहे एका वाराला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत योद्ध्याला सुरुवातीला एका पाळीत एकच वार मिळतो. पाचव्या लेव्हलला दोन, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. निदान एकदा १ येण्याची शक्यता नवख्याला पाळीमागे ५%, आणि चार वार करणाऱ्याला १ − (०.९५)^४, म्हणजे साधारण १८.५%. पाच फेऱ्यांची लढाई धरली तर नवख्याची फजिती होण्याची शक्यता २३% आणि जगातल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याची ६४%.

म्हणजे योद्धा जितका तरबेज, तितकी त्याची तलवार जास्त वेळा पडणार! तिकडे आगीचा गोळा फेकणारा जादूगार वार लागण्यासाठी स्वतः फासा टाकतच नाही, बचावासाठी फासे शत्रू टाकतात. त्याची फजिती शून्य. गंमत म्हणून आणलेल्या नियमाने एका खेळाडूला विदूषक केलं आणि दुसऱ्याला हातही लावला नाही. योद्धा खेळणाऱ्याला हे आकड्यांत सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, "मला मजा येत नाहीये." आणि मग हळूहळू यायचा बंद होतो.

उपाय काय? बरेच जण म्हणतात, १ आला तर परत फासा टाकायचा आणि तोही वार चुकला तरच फजिती. ऐकायला छान. आता हिशोब करा. नवख्याचा वार ६०% वेळा लागतो असं धरू, म्हणजे फजिती ५% × ४०% = २%. तरबेज योद्ध्याचा ७५% वेळा लागतो, तर एका वाराला १.२५%, पण चार वारांना मिळून ४.९%. आकडे लहान झाले, दिशा मात्र तीच चुकीची राहिली. त्यापेक्षा "पाळीतल्या पहिल्या वारालाच फजिती लागू" हा साधा नियम बरा: सगळ्यांना सरसकट ५%.

संशोधनासाठी धडा: दर सांगितला की लगेच विचारा, कशाच्या मागे? वारामागे, पाळीमागे, लढाईमागे की माणसामागे? छेद बदलला की निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

नियम दोघांना, फटका एकालाच

आता उलटी बाजू: २० आला तर जबरदस्त वार, म्हणजे 'क्रिटिकल हिट'. मूळ खेळात तो नव्हता. टेबलांवर मात्र फार लोकप्रिय होता. गायगॅक्सने १९७९ च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात त्याला विरोध केला. मुद्दा असा की हा नियम राक्षसांनाही लागू करावा लागेल आणि मग खेळाडूंची पात्रं लवकर मरतील. शेवटी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो अधिकृत नियमांत आलाच.

विरोधामागचं गणित आजही लागू आहे. एखादा गॉब्लिन येतो, तीन फेऱ्या लढतो, मरतो. त्याच्या नशिबात एखादा २० आला काय, न आला काय. पात्र मात्र वर्षभर जगायचं असतं. समजा एका बैठकीत एका पात्रावर ८ वार होतात आणि अशा २५ बैठका झाल्या. म्हणजे २०० वार, त्यांत सरासरी १० क्रिटिकल. आता तुम्ही तक्ता बनवला आणि त्यात शंभरात एक ओळ लिहिली, 'मुंडकं उडालं'. एका पात्राला वर्षात हा प्रसंग येण्याची शक्यता साधारण ९.५%. पाच पात्रांपैकी निदान एकाला येण्याची ३९%. "शंभरात एकदाच तर आहे" म्हणून लिहिलेली ती ओळ.

नियम कागदावर समान असला तरी ज्याचा संपर्क जास्त, त्यालाच फटका जास्त.

बोनस किती मोठा? आधी कुठे उभे आहात ते सांगा

पाचव्या आवृत्तीत 'ॲडव्हांटेज' आहे: दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. शत्रूला दोन बाजूंनी घेरलं तर ॲडव्हांटेज, असा ऐच्छिक नियमही आहे. काही टेबलं त्याऐवजी साधे +२ देतात. मग यांतलं मोठं काय?

वार लागायला फाशावर ११ हवा असेल तर मूळ शक्यता ५०%. ॲडव्हांटेजने ती ७५% होते, +२ ने ६०%. इथे ॲडव्हांटेज सरळ जिंकतं. पण २० च हवा असेल तर मूळ शक्यता ५%. ॲडव्हांटेजने होते ९.७५%, +२ ने १५%. इथे +२ पुढे!

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. "या उपायाचा परिणाम किती?" याला एकच आकडा नसतो, तो सुरुवातीच्या स्थितीवर अवलंबून असतो. मार्गदर्शकांनी "इफेक्ट साइझ काय?" विचारलं तर हे दोन फासे आठवा.

ज्याचे गुण, त्याच्यामागे धावणे

१९७४ च्या खेळात खजिना बाहेर आणला की सोन्याच्या नाण्यांइतके अनुभव-गुण मिळायचे. राक्षस मारून त्या मानाने कमी. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, लपूनछपून सोनं पळवायचे. पुढे गुण मुख्यतः शत्रूंवर मात करण्यासाठी मिळू लागले आणि लढाया वाढल्या. खेळाडूंचा स्वभाव बदलला नव्हता, मोजपट्टी बदलली होती.

म्हणून "माझे खेळाडू प्रत्येकाला मारतच सुटतात" अशी तक्रार असेल तर आधी तुम्ही गुण कशाचे देता ते बघा. मोजमापाचं ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही, हे अर्थशास्त्रात गुडहार्टचा नियम म्हणून ओळखलं जातं. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या आपल्या दुनियेत त्याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही.

पडद्यामागचा फासा

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. गेम मास्टरसमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्यामागे तो फासा टाकतो. समजा २० आला. हे मोजलं तर सगळ्यांचं लाडकं पात्र आत्ता मरतं. तो म्हणतो, "हुश्श, चुकला वार." कुणाला कळलं? कुणालाच नाही.

एकदा नाही कळत. पण शत्रूंचे शंभर वार झाले आणि एकही २० आला नाही, याची शक्यता ०.६% आहे. खेळाडू हा हिशोब मांडत नाहीत, पण त्यांना जाणवतं की आपल्याला काही होणार नाही. त्या क्षणी त्यांच्या शौर्याची किंमत शून्य होते. आधी खरोखर मिळवलेले विजयसुद्धा संशयास्पद ठरतात. एक पात्र वाचलं, पण सगळ्या टेबलाचा भरवसा गेला.

यावर प्रामाणिक पर्याय आहे. खेळ सुरू व्हायच्या आधीच जाहीर करा: "पहिल्या दोन लेव्हलपर्यंत कुणी मरणार नाही, फक्त बेशुद्ध पडेल." दया तीच, पण फासा पडायच्या आधी ठरलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली. प्रयोगशाळेतही हेच. कुठलं रीडिंग वगळायचं याचा निकष डेटा बघण्याआधी लिहिला तर ती पद्धत. ग्राफ बघून, नको तो बिंदू काढून टाकला तर तो आडोशामागचा फासा. बिंदू एकच असतो, पण प्रश्न तुमच्या सगळ्या ग्राफांवर येतो.

नियम बदलायचाच असेल तर

१. अडचण एका वाक्यात लिहा. "लढाई कंटाळवाणी" हे चालणार नाही. "एका फेरीला वीस मिनिटं लागतात" हे चालेल.

२. आधी कागदावर गणित करा, नाहीतर पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहून लाखभर लढाया चालवा. टेबलावरच्या आठवणीवर विसंबू नका. चार बैठकांत मिळून ६० वार झाले तर सरासरी ३ वेळा १ येतो. पण एकदाही न येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सहा किंवा जास्त वेळा येण्याची ८% च्या आसपास. एवढ्याशा नमुन्यावरून "नियम भारी आहे" किंवा "भंगार आहे" ठरत नाही.

३. एका वेळी एकच नियम बदला. तीन बदललेत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

४. लढाई रंगात असताना नियम बनवू नका. त्या क्षणापुरता निकाल द्या, वहीत टिपून ठेवा, बैठक संपल्यावर सगळ्यांशी बोलून नियम करा.

५. मुदत घाला. "चार बैठका वापरू, मग विचार करू." आणि तेव्हा सगळ्यात कमी बोलणाऱ्या खेळाडूला आधी विचारा.

चांगला घरचा नियम लांबवरही जातो. जखम भरणारं औषध प्यायला पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची. कित्येक टेबलांवर ते झटपट पिण्याचा घरचा नियम होता, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकांत अधिकृत नियमही तसाच झाला.

गृहपाठ

पात्राचे गुण काढायला जुनी रीत म्हणजे तीन साधे फासे टाकून बेरीज. सरासरी १०.५. नवी रीत: चार टाका, सगळ्यात लहान सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज. सरासरी साधारण १२.२४. आता दोन्ही रीतींनी १८ येण्याची शक्यता काढा. पहिलीचं उत्तर २१६ पैकी १. दुसरीचं १२९६ पैकी किती? हाताने मोजा, मग प्रोग्रामने पडताळा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर फाशाला दोष देऊ नका. आधी दोन सारखे आकडे आले की तुम्ही 'सगळ्यात लहान' कसा सोडताय ते तपासा.