सुरवंट लागला? आधी चोळणे थांबवा

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके दिसू लागतात. त्याच सुमारास मानेवर, हातांवर लाल पुरळ आणि असह्य खाज घेऊन रुग्ण येतात. अनेकांनी सुरवंट पाहिलेलाही नसतो; झाडाखाली वाळत घातलेल्या कपड्यांतून त्याचे केस अंगाला लागलेले असतात. सुरवंट मेला तरी केसांचा त्रास संपत नाही.

हे केस कुसळांसारखे त्वचेत रुततात. चोळले की मोडून आणखी खोल जातात. म्हणून त्या जागी चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी. दर वेळी नवी पट्टी घेऊन असे चार-पाच वेळा करावे. मग साबण-पाण्याने धुऊन, न घासता टिपून घ्यावे. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, कॅलामाइन लावावे. चुना, रॉकेल नको. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.

डोळ्यात केस गेल्यास डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. केस बुबुळात रुतला तर दृष्टीला धोका असतो. दम लागला किंवा ओठ सुजले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.