प्रकाशाने फुटणारे युरेनियम

युरेनियमचे केंद्रक न्यूट्रॉनच्या धडकेने फुटते, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. नुसत्या प्रकाशानेही ते फुटते, हे मात्र फारसे कुणाच्या कानावर आलेले नसते. हा प्रकाश गॅमा किरणांचा, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा काही दशलक्ष पट अधिक ऊर्जेचा.

नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी सप्टेंबर १९३९मध्ये केंद्रकाला द्रवाचा थेंब मानून विखंडनाचा, म्हणजे केंद्रक फुटण्याचा सिद्धांत मांडला, तेव्हाच ही शक्यता वर्तवली होती. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस प्रयोगशाळेत ती खरी ठरली. तिथल्या संशोधकांनी फ्लोरिनच्या संयुगावर प्रोटॉनचा मारा केला. त्यातून निघालेल्या सुमारे ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (एमईव्ही) ऊर्जेच्या गॅमा किरणांनी युरेनियम आणि थोरियम दोन्ही फुटले.

फोटॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या कणाचे, महत्त्व निराळे आहे. न्यूट्रॉन शिरला की युरेनियम-२३८चे २३९ होते. फोटॉन मात्र ऊर्जा देतो आणि बहुतेक वेळा परिवलनाचे एकच एकक. केंद्रक २३८च राहते. त्यामुळे फुटण्याआधीची अवस्था बरीच नेमकी माहीत असते. १९५२मध्ये थोरियमचे तुकडे किरणांच्या दिशेला काटकोनात अधिक उडताना दिसले. १९५५मध्ये ऑगे बोर यांनी त्यामागचे कारण उलगडले: दुभंगण्याच्या उंबरठ्यावर केंद्रकाला मोजक्याच अवस्था उपलब्ध असतात आणि तुकड्यांची दिशा त्या ठरवतात.

मोजणीतली खरी अडचण प्रकाशाची. वेगवान इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळले की शून्यापासून इलेक्ट्रॉनच्या कमाल ऊर्जेपर्यंतचे सगळे फोटॉन एकत्रच बाहेर पडतात. मोजली जाते ती या सगळ्यांच्या कामगिरीची बेरीज. किराण्याची नुसती एकूण रक्कम हाती यावी आणि त्यावरून प्रत्येक जिनसाचा भाव काढावा, तसे हे गणित. १९४७मध्ये बाल्डविन आणि क्लायबर यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या १०० एमईव्ही बीटाट्रॉनवर ऊर्जा बदलत नेऊन मोजणी केली. विखंडनाची शक्यता वाढत जाऊन एका शिखरापाशी पोचते आणि पुन्हा घसरते, असे त्यांना आढळले. गोल्डहाबर आणि टेलर यांनी १९४८मध्ये त्याचा अर्थ लावला: केंद्रकातले सगळे प्रोटॉन न्यूट्रॉनांविरुद्ध एकत्र झुलतात.

पुढे लिव्हरमोर (अमेरिका) आणि साक्ले (फ्रान्स) इथे पॉझिट्रॉन वापरून जवळजवळ एकाच ऊर्जेचे फोटॉन मिळवले गेले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. युरेनियम-२३८मध्ये या झुलण्याची दोन शिखरे आहेत, साधारण ११ आणि १४ एमईव्हीला. केंद्रक लांबट असल्याने लांब अक्षावरचे झुलणे कमी ऊर्जेत होते. आता अमेरिकेत डरहॅमला लेझरचा प्रकाश इलेक्ट्रॉनांवरून परतवून नेमक्या ऊर्जेचा गॅमा झोत तयार करतात.

प्रकाशाने फुटलेल्या केंद्रकांच्या तुकड्यांचे मोजमाप नवी मुंबईतही झाले आहे. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधल्या १० एमईव्ही त्वरकावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी थोरियम आणि युरेनियमचे नमुने किरणांत ठेवले. असे नमुने नंतर जर्मेनियमच्या संवेदकासमोर ठेवतात. तुकडे किरणोत्सारी असतात आणि प्रत्येकाची स्वतःची ओळख असते: बेरियम-१४०ची रेषा ५३७ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टला, अर्धायुष्य पावणेतेरा दिवसांचे. रेषेच्या तीव्रतेवरून त्या वस्तुमानाचे किती तुकडे झाले, ते कळते. थोरियममध्ये वस्तुमानांक १३३-१३४, १३८-१३९ आणि १४३-१४४ यांच्याजवळ उत्पादन जास्त दिसले.

बोर-व्हीलरांच्या द्रवाच्या थेंबाला हे उंचवटे सांगता येत नाहीत. तो थेंब दोन सारखे भाग करू पाहतो. १३४च्या आसपासच्या तुकड्याला ८२ न्यूट्रॉनांचे पूर्ण कवच स्थिर करते, तर १३९-१४० जवळचा तुकडा लांबट राहून स्थिर होतो. १९६७मध्ये स्ट्रुटिन्स्की यांनी थेंबाच्या ऊर्जेत कवचांचा परिणाम मिळवला, तेव्हा विखंडनाच्या वाटेवर एकाऐवजी दोन अडसर दिसले. आजची संगणकीय प्रतिमाने याच पायावर उभी आहेत. मात्र या दोन प्रकारच्या तुकड्यांचे परस्परप्रमाण त्यांत बरेचदा मोजलेल्या आकड्यांवरूनच बसवावे लागते, म्हणून थोरियमचे असे प्रत्येक मोजमाप त्यांना हवे असते.