आसन बसून मोजायचं

मी शिवलेली पहिली नऊवारी सप्तशृंगी गडाच्या पायऱ्यांवर फाटली. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. शंभरएक चढून झाल्या असतील, डावा पाय वर उचलला आणि आसनापाशी टर्रकन आवाज झाला. कमरेला शाल गुंडाळली, वर गेले, दर्शन घेतलं. घरी वणीला आल्यावर साडी उलटी करून दिव्याखाली धरली तर टीप शाबूत होती, तिच्या शेजारचं कापड फाटलं होतं. शिलाई चांगली होती, बेतणी चुकली होती.

शिवलेल्या नऊवारीत बहुतेक ठिकाणी आतून पॅन्टच असते, वरून निऱ्या आणि काष्टा लावलेला. मीही माझ्या पॅन्टचंच पेपर कटिंग घेतलं होतं. हळदीकुंकवाला जाऊन यायला, फोटो काढायला ते पुरतं. नेसलेल्या लुगड्यात मात्र मांड्यांमधून गेलेलं कापड सैल असतं. पाय उचलला की सरकतं, खाली बसलं की जागेवर येतं. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत, कांद्याच्या वावरात म्हाताऱ्या बाया अजून लुगड्यातच दिसतात. उकिडव्या बसून निंदतात, पाटावरून उडी मारतात, कापड कुठे अडत नाही. चैत्रात खानदेशातून गडावर पायी येणाऱ्या आयाबायांचंही तेच. मला अशी नऊवारी हवी होती: पाय घातले, नाडी बांधली, पदर खांद्यावर टाकला की झालं. पण चालताना मात्र लुगड्यासारखी.

नमुना घरातच होता. आजीचा एक स्टुडिओतला काळापांढरा फोटो आहे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. भिंग लावून निऱ्या मोजल्या, नऊ भरल्या. डाव्या बाजूला ओचा किंचित फुगलेला. आणि काठ घोट्याभोवती सरळ नव्हता. पोटरीवर तिरका चढला होता. सलवारीच्या मोहरीसारखा सरळ काठ दिसला की नऊवारी परकी वाटते, त्याचं कारण मला त्या फोटोत सापडलं.

शिवणक्लासच्या बाईंना फाटलेली साडी दाखवली. त्या म्हणाल्या, "तू आसन उभ्याने मोजलंस ना? आता खाली बस." मी उकिडवी बसले. पुढून कमरेपासून मांड्यांमधून मागे कमरेपर्यंत त्यांनी टेप धरला. उभ्याने हे माप २८ इंच होतं, बसल्यावर ३२ भरलं. ते चार इंच माझ्या कागदात कुठेच नव्हते, म्हणून ते कापडाला द्यावे लागले.

मग पॅन्टचा कागद बाजूला ठेवला आणि जुन्या सलवारीचा काढला. मागची आसनाची रेघ लांब केली. शिवाय दोन्ही पाय जिथे मिळतात तिथे सहा इंचांची चौकोनी कळी घातली, तिचा धागा उरेब ठेवून. उरेब कापड ताणलं की देतं, उभ्या-आडव्या धाग्याचं देत नाही. सगळा ताण या एका तुकड्यावर येतो, म्हणून कळीला दोनदा टीप.

साडी सुती इरकल घेतली, रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. आतल्या टोकाकडून ८० इंच पायांसाठी कापायचे, ९० इंचांत नऊ निऱ्या, पाच इंची, आणि उरलेले १५४ इंच कमरेचा वेढा आणि पदर. हे २४४ इंच अखंड राहतात, फक्त नेफ्याला टाचले जातात. पदराला तर कात्री लागूच देऊ नये. इरकलीचा पदर अंगाच्या ताण्याला एकेक धाग्याची कोंडी घालून जोडलेला असतो. तो सांधा बोटाने चाचपून पाहिला की कापायचा धीर होत नाही.

पायांचा कागद मी खालच्या काठाला तीन इंच तिरका ठेवला. काठ अखंड राहिला, कमीजास्त सगळं वर नेफ्यात गेलं, आणि अंगावर चढवल्यावर काठ आपसूक पोटरीवर तिरका आला. वर काठासकट जी पट्टी उरली, तिचे दोन भाग समोरासमोर जोडून, पाच चुण्या घालून काष्टा केला. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मशीनने टीप मारली तर काष्टा पट्ट्यासारखा ताठ होतो, पाठीवर चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून नेफ्यापासून कळीपर्यंत हाताने, दोन दोन धागे उचलत टाके घातले. दोन दुपारी गेल्या. पण चुण्या हलत्या राहिल्या.

शिवताना गडावरच्या देवीची आठवण सारखी येते. मूर्ती आठ फुटांच्या आसपास उंच, हात अठरा. तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. माझी चोळी एका खणात झाली. तिथे वस्त्र नेसवणाऱ्या हातांना किती सांभाळावं लागत असेल, हे खण बेतायला बसल्याशिवाय माझ्या लक्षात आलं नव्हतं. गडाच्या पायऱ्यांशी उमाबाई दाभाडे यांचं नाव जोडलेलं आहे. त्या इथल्याच, अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या लेक. १७३१ साली डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडल्यावर सेनापतिपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. त्या काळची मराठा बाई घोड्यावर बसली ती काष्ट्यातच. आपण ज्याला आता सणाचा पोशाख म्हणतो, तो कामाचा पोशाख होता, हे कात्री हातात घेताना विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

साडी कापली म्हणून मावशी माझ्यावर रागावल्या होत्या. त्यांचा राग मला पटतो. आईची, आजीची साडी कापायची नाही, हे मीही पाळते, नवीच घेते. आणि उद्या नको झाली तर नेफ्याचे टाके उसवायचे. २४४ इंच म्हणजे पावणेसात वारांहून थोडं जास्तच, त्यात सहावारी सहज बसते.

दुसरी नऊवारी नेसून मी पुन्हा गडावर गेले. ट्रॉलीने न जाता मुद्दाम पायऱ्यांनी. मध्ये दोनदा पायरीवर मांडी घालून बसले. खाली उतरल्यावर कळी पाहिली, एक धागाही सरकला नव्हता.

ते पेपर कटिंग मी खाकी कागदावर उतरवून ठेवलंय. तुम्ही शिवणार असाल तर उंची तुमच्या मापाने बदला, निऱ्या सात करा नाहीतर अकरा, काठ हवा तेवढा वर घ्या. आसन मात्र खाली बसूनच मोजा.