जुनी केस आणि दुकानातली नोकरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापडाचे दुकान असो, मोबाइलचे असो की मोठे सुपरमार्केट, माणूस कामावर घेताना एक प्रश्न हमखास निघतो: अंगावर पोलीस केस आहे का? उत्तर ‘हो’ आले की पुष्कळ ठिकाणी बोलणे तिथेच थांबते. केस कसली होती, किती वर्षांपूर्वीची, कोर्टाने शेवटी काय ठरवले, हे विचारले जात नाही. किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात ही घाई फार महाग पडते. मोठी पदवी नसली तरी काम मिळू शकेल, अशा मोजक्या जागांत दुकान येते. तुरुंगातून सुटलेला किंवा तरुणपणी एखाद्या केसमध्ये अडकलेला माणूस प्रामाणिक कमाईसाठी पहिल्यांदा इथेच येऊन उभा राहतो. म्हणून ‘केस आहे की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे, असे माझे म्हणणे आहे. विचारायचे ते तीन प्रश्न: काय घडले, कधी घडले आणि या कामाशी त्याचा संबंध काय? हे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण त्यांच्या आड काही पक्के गैरसमज उभे आहेत.

गैरसमज: केस झाली म्हणजे गुन्हा केला.

एफआयआर म्हणजे पोलिसांकडे नोंदवलेली तक्रार. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, खटला आणि निकाल असे टप्पे येतात, आणि यांतल्या कोणत्याही टप्प्यावर माणूस सुटू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगात असलेल्या दर चार जणांपैकी तिघांचा गुन्हा तोवर सिद्ध झालेला नव्हता. त्यांतले काही पुढे दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. पण ‘आत जाऊन आलेला’ हा शिक्का मात्र सगळ्यांवर सारखाच बसतो. न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून केस शोधता येते, आणि एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन-चार माणसे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे धरून चालत नाही.

महाराष्ट्रात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. पण त्यांतल्या पारधी जमातीच्या तरुणाकडे पाहण्याची नजर कायद्याबरोबर बदलली नाही. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मधल्या सुकन्या शांता प्रकरणातही बजावावे लागले. पोलिसांच्या नोंदीतून माणसाच्या वागण्याइतकीच पोलिसांची नजर कोणाकडे वळते हेही कळते. ती वाचताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

गैरसमज: शिक्षा झालेल्याला दुकानात ठेवायला कायद्याचीच बंदी आहे.

अशी सरसकट बंदी नाही. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा जो कायदा आहे, त्यात कामाचे तास, सुट्ट्या, सोयीसुविधा यांची तरतूद आहे. शिक्षा भोगून आलेल्याला विक्रेता म्हणून ठेवू नये, असे कलम त्यात नाही. बंदी आहे ती सुरक्षारक्षकासाठी. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यातील कलम १० प्रमाणे न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला खासगी सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येत नाही. म्हणजे मॉलच्या दारावर उभे राहायला ज्याला कायदा अडवतो, त्याच माणसाला आतल्या दुकानात कपडे दाखवायला, माल लावायला किंवा गोदाम सांभाळायला अडवत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे रक्षकाची अट विक्रेत्यालाही लावली जाते. छोट्या, पहिल्या चुकीकडे पाहण्याची कायद्याची दृष्टीही बदलते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. ज्या चुकीसाठी कायदा तुरुंगाऐवजी समाजाचे काम करायला सांगतो, त्याच चुकीसाठी दुकानदाराने जन्मभराची बंदी घालावी, हे प्रमाणाला धरून नाही.

गैरसमज: सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते.

हा समज उमेदवारांमध्ये आढळतो आणि तो त्यांना अडचणीत आणतो. सात वर्षांची मर्यादा अमेरिकेतली आहे, आणि तिथेही ती अर्धीच खरी आहे. ज्या अटकेतून शिक्षा झाली नाही ती सात वर्षांनंतर पार्श्वभूमी अहवालात साधारणपणे दाखवता येत नाही. सिद्ध झालेल्या गुन्ह्याला मात्र तिथल्या केंद्रीय कायद्यात अशी मर्यादा नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की ठरावीक काळ सरळ गेल्यावर पुष्कळशा शिक्षा ‘संपल्या’ असे मानले जाते आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. मुलांसाठी आहे: २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार अठराच्या आतल्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही आणि त्याची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करायची असते. सोळा वर्षांवरील मुलांच्या काही गंभीर गुन्ह्यांचा एवढा अपवाद. प्रौढाला प्रोबेशनच्या १९५८ च्या कायद्याखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. पण दोष सिद्ध झाला ही वस्तुस्थिती त्यामुळे नाहीशी होत नाही. तेव्हा नोंद गेली असेल अशा भरवशावर राहू नये. निर्दोष सुटल्याच्या, केस रद्द झाल्याच्या किंवा प्रोबेशनच्या आदेशाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून जवळ ठेवावी.

गैरसमज: लपवले तरच नोकरी मिळते.

लपवून नोकरी मिळेलही, पण ती टिकेल याची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सरकारी नोकरीच्या संदर्भात हा प्रश्न सविस्तर तपासला. माहिती खरी द्यावी, दडवली तर मालकाला कारवाईचा अधिकार आहे, पण क्षुल्लक किंवा कोवळ्या वयातल्या प्रकरणाकडे तारतम्याने पाहावे, असा त्या निकालाचा आशय आहे. खरे सांगितले म्हणजे नेमणूक द्यायलाच हवी, असे मात्र न्यायालयाने म्हटलेले नाही. खासगी दुकानांना हा निकाल जसाच्या तसा लागू होत नसला तरी त्यातले तत्त्व उपयोगाचे आहे. उमेदवाराने प्रश्न नीट वाचावा. ‘शिक्षा झाली आहे का’ असे विचारले असेल आणि माणूस निर्दोष सुटला असेल, तर खरे उत्तर ‘नाही’ हेच आहे. ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असे विचारले असेल तर तेच सांगावे आणि निकालाची प्रत पुढे ठेवावी.

गैरसमज: एकदा चोर तो कायमचा चोर.

सगळ्यांत खोल रुतलेला समज हाच आहे, आणि अभ्यासांनी तो टिकू दिलेला नाही. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्या लोकांचा पुढचा इतिहास तपासला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षी घरफोडीसाठी अटक झालेल्या माणसाला पुन्हा अटक होण्याची शक्यता ३.८ वर्षांनी त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी उतरते. जबरी चोरीसाठी हा काळ ७.७ वर्षांचा आढळला. मधल्या काळात माणूस सरळ राहिला असेल, ही त्यातली अट. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची एकच केस आणि गेल्या वर्षीची केस यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. कोणी म्हणेल, हे आकडे अमेरिकेचे. बरोबर, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण वय वाढते आणि सरळ गेलेली वर्षे साठतात तसा धोका उतरतो, ही दिशा गुन्हेशास्त्रात वारंवार दिसलेली आहे. उलट, जन्मभराच्या बंदीच्या बाजूने तर कुठलाच आकडा पुढे केला जात नाही.

दुकानदाराचा आक्षेप मात्र गंभीर आहे: गल्ला माझा, माल माझा, नुकसानही माझेच. त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. मायनर, पेर्सिको आणि वाइस यांच्या २०१८ च्या अभ्यासात गुन्ह्याची नोंद असलेले कर्मचारी इतरांपेक्षा जास्त काळ नोकरीत टिकलेले दिसले. ग्राहकसेवेच्या कामात त्यांच्याकडून गैरवर्तन जास्त झाले नाही, पण विक्रीच्या कामात थोडे जास्त आढळले. हा निष्कर्ष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून निघतो तो धडा दार बंद करण्याचा नाही, कामाचा विचार करून माणूस नेमण्याचा आहे. ताज्या अफरातफरीची शिक्षा असलेल्याला पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवू नये. पण दहा वर्षांपूर्वीच्या मारामारीचा गल्ल्याशी संबंध काय? शिवाय कोरे चारित्र्य प्रमाणपत्र एवढेच सांगते की पोलिसांकडे नोंद नाही. रोजचा हिशेब, मालाची मोजदाद आणि कॅमेरे सगळ्याच नोकरांसाठी लागतात, आणि नोकराने केलेल्या चोरीला कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ब्रिटनमधली टिम्पसन ही चपला दुरुस्त करणाऱ्या आणि किल्ल्या बनवून देणाऱ्या दुकानांची साखळी गेली अनेक वर्षे तुरुंगातून आलेल्यांना कामावर घेत आली आहे, आणि तिथे सुमारे दहा टक्के कर्मचारी असे आहेत. गल्ला तिथेही असतोच.

मग अर्जातून हा प्रश्नच काढून टाकावा का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी पहिल्या अर्जापुरता तो काढला. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात सुमारे १५,००० नमुना अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा प्रश्न निघाल्यावर गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांना येणाऱ्या बोलावण्यांतली तफावत वाढलेली दिसली. माहिती नसली की काही मालक वंशावरून अंदाज बांधतात. आपल्याकडे तोच अंदाज आडनावावरून आणि वस्तीवरून बांधला जाईल. म्हणून माहिती झाकणे हा उपाय अपुरा आहे. ती नीट वाचणे हा खरा उपाय आहे. आधी माणसाची कामासाठी निवड करावी, मग केसबद्दल विचारावे, हाती आलेला अहवाल त्याला दाखवून उत्तराची संधी द्यावी, आणि काय, कधी आणि या कामाशी संबंध काय, या तीन प्रश्नांवर निर्णय करावा. हे करायला दुकानदाराला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. शिक्षा किती, हे न्यायालय ठरवते; ती भोगून झाल्यावर तिच्यात आणखी वर्षे घालण्याचा अधिकार कोणत्याही दुकानाच्या काउंटरला नाही.