डोक्यावर छप्पर नाही, त्यांची गणती कोण करणार?

1917 साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले परमपूज्य बाबासाहेब बडोद्याच्या कमाठी बागेत विचार करीत बसले होते. दरबारची नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले होते. ओळखीच्या मित्रांनीही घरात घेतले नाही. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. खिशात पैसा नसला म्हणजेच माणूस बेघर होतो असे नाही. जातही माणसाला बेघर करते.

आज चित्र काय आहे? 2001 च्या जनगणनेत देशात सुमारे 19 लाख 43 हजार बेघर मोजले गेले. 2011 साली हा आकडा 17 लाख 73 हजारांवर आला. पण बंधूभगिनींनो, एवढ्यावर समाधान मानू नका. खेड्यांतले बेघर 11 लाख 65 हजारांवरून 8 लाख 34 हजारांवर उतरले, तर शहरांतले 7 लाख 78 हजारांवरून 9 लाख 38 हजारांवर गेले. म्हणजे बेघरपणा खेड्यातून उठून शहराच्या फुटपाथवर आला. 2011 साली सर्वाधिक बेघर उत्तर प्रदेशात होते आणि त्याखालोखाल आपल्या महाराष्ट्रात, सुमारे 2 लाख 11 हजार. यात झोपडीत राहणारे धरलेले नाहीत. पुलाखाली, फलाटावर, पाइपात झोपणारेच तेवढे मोजले आहेत.

ही माणसे आली कोठून? 1972 च्या दुष्काळात गावे ओस पडली आणि कुटुंबेच्या कुटुंबे मुंबई-पुण्याकडे निघाली. 1978 साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी लोक गाव सोडून गेले. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला परतायला गाव तरी कुठे उरते? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याचसाठी.

1981 साली मुंबईत ऐन पावसाळ्यात फुटपाथवरील झोपड्या उठवण्यात आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दाद मागणाऱ्यांत संगमनेरकडून आलेला एक कामगारही होता. 1985 च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. बाबासाहेबांच्या घटनेतील 21 वे कलम फुटपाथवरच्या माणसाच्या कामी आले, पण अर्धेच.

पुढे शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक निवारा असावा, असे ठरले. 2011 साली मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपल्या शहरात किती आहेत, हे आपण नगरसेवकाला विचारले पाहिजे.

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्यात रमाई आवास योजना आहे. पण घर बांधायला आधी स्वतःची जागा लागते, जातीचा दाखला लागतो. ज्याचे बिऱ्हाड वर्षानुवर्षे रस्त्यावर आहे, त्याच्याजवळ कागद कोठून असणार?

म्हणून आमची विनंती आहे. विहारात दर रविवारी वंदनेला जमतो, तेव्हा एक वही ठेवावी. आसपासच्या बेघर कुटुंबांची नावे लिहावीत. शिकलेल्या मुलामुलींनी त्यांचे दाखल्याचे, रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यावेत. 2011 साली बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. जेव्हा जेव्हा अशी मोजणी होईल, तेव्हा आपल्या तरुणांनी प्रगणकाबरोबर फिरावे. जो मोजला गेला नाही, त्याच्या नावाने निवारा बांधला जात नाही. आणि आयाबहिणींनो, फुटपाथवरच्या बाईला पाण्याचा हंडा भरू देणे, तिच्या लेकराला आपल्या मुलाबरोबर शाळेत नेणे, हाही धम्मच आहे.

ज्यांना बडोद्यात कोणी छप्पर दिले नाही, त्यांनी पुढे दादरला राजगृह बांधले आणि त्यात माणसांइतकीच ग्रंथांना जागा दिली. आपणही आपल्या घराचे दार थोडे उघडे ठेवू या.

जय भीम!